कचरा कमी करायचा, तर आधी डब्याची नोंद ठेवावी

उंबरठा

घरातला कचरा कमी करण्याचा निश्चय मी यापूर्वी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो महिन्याभरात सुटला. चौथ्या वेळी मात्र तो टिकला आणि आता त्याला दोन वर्षे होऊन गेली आहेत. मधल्या काळात माझी चिकाटी वाढली असे मुळीच नाही. फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून झाली. ती कशी झाली हे सविस्तर मांडते. आपणही आपापले अनुभव सांगावेत, अशी विनंती आहे.

पहिल्या तिन्ही वेळी मी सुरुवात खरेदीने केली होती. कापडी पिशव्या, काचेच्या बरण्या, बांबूचे दात घासायचे ब्रश असे बरेच काही घरात आले आणि त्यांना जागा व्हावी म्हणून प्लॅस्टिकचे चांगले धडधाकट डबे मी काढून टाकले. नव्याचे नऊ दिवस संपले तेव्हा दारामागे सात कापडी पिशव्या लटकत होत्या आणि कचऱ्याचा डबा पूर्वीइतकाच भरत होता. पुढे ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेला पिशव्यांचा अभ्यास माझ्या वाचनात आला. तापमानवाढीचा परिणाम मोजला, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात म्हटले आहे. एकच पिशवी दर आठवड्याला एकदा वापरली, तर हा आकडा अडीच वर्षांत गाठता येतो. माझ्या सात पिशव्या आलटून पालटून वापरल्या असत्या, तर सातही पिशव्यांची फेड व्हायला साडेसतरा वर्षे लागली असती. प्लॅस्टिकच्या पिशव्या गटारांत आणि समुद्रात जातात हा प्रश्न वेगळा आहे आणि तो या आकड्यात धरलेला नाही, हे मान्य आहे. तरीही सातवी पिशवी घेण्याचे मला काहीच कारण नव्हते.

चौथ्या वेळी मी काहीही विकत घेतले नाही. सलग सात रात्री कचऱ्याचा डबा जुन्या वर्तमानपत्रावर रिकामा केला, हातमोजे घालून त्यातल्या वस्तू वेगळ्या केल्या, ताणकाट्याला पिशवी अडकवून वजन घेतले आणि सगळे वहीत लिहून ठेवले. पहिल्या रात्रीचे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. भाज्यांच्या साली आणि उरलेले अन्न यांचा एक ओलसर गोळा झाला होता, त्यातून गळलेल्या पाण्याने खालचा पुठ्ठा भिजून लगदा झाला होता, आणि त्या लगद्याला चिकटून पालेभाजीची एक जुडी होती, जिची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. ती मी चार दिवसांपूर्वी घेतली होती आणि पूर्ण विसरले होते. आठवडा संपल्यावर वही पाहिली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. वजनाने निम्म्याहून अधिक कचरा ओला होता, आणि उरलेल्या सुक्या कचऱ्यातला बराचसा त्या ओल्यामुळेच वाया गेलेला होता. ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांची आणि पिशव्यांची मी काळजी करत बसले होते, त्यांचे वजन जेमतेम मूठभर भरले.

आपल्या घरातून काय फेकले जाते हे आपल्याला ठाऊक असते, हाच मुळात गैरसमज आहे. ॲरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी १९७३ साली घरगुती कचऱ्याचा अभ्यास सुरू केला. प्राचीन वस्त्यांचे उकिरडे खणून तिथल्या माणसांचे जगणे कळते, तर आजच्या माणसांचेही कळायला हवे, हा त्यामागचा साधा विचार होता. लोक मुलाखतीत जे सांगत आणि त्यांच्या डब्यात जे सापडे, त्यांत वारंवार तफावत आढळली. माझ्याही बाबतीत तेच झाले. ‘आमच्याकडे अन्न वाया जात नाही’ असे मी अनेकांना मनापासून सांगत आले होते.

त्यानंतर एकच बदल केला : ओले आणि सुके वेगळे. रात्री ओटा पुसून झाला की लगेच ओल्या कचऱ्याचे भांडे खताच्या डब्यात रिकामे करायचे. ओटा पुसणे वर्षानुवर्षे रोज होतच होते. नवे काम त्याच्या शेपटीला बांधले, इतकेच. तीन महिने दुसरे काहीही हाती घेतले नाही.

कोरा_कागद

आपण तीन महिने एकाच गोष्टीवर थांबलात, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. सवय एकवीस दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘निदान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी कोणतीही सवय येऊन बसली.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला जोडून एक नवी कृती करायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत आहे (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज आहेत). पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर रुळली, व्यायामाला अधिक वेळ लागला. मला धीर देणारी गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. आपल्यापैकी बहुतेक जण आरंभशूर असतात असे आपण स्वतःलाच सुनावतो आणि एक दिवस चुकला की सगळे सोडून देतो. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करण्याइतकीच त्याची भरपाई असते.

‘ओटा पुसला की भांडे रिकामे करायचे’ या आपल्या वाक्याची घडणही महत्त्वाची आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या ठरावांवर बराच अभ्यास केला आहे. ‘यापुढे मी कचरा कमी करीन’ या वाक्यात कधी, कुठे आणि नेमके काय हे काहीच ठरलेले नसते, त्यामुळे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. ते पहिल्या आठवड्यात जमते, पुढे जमत नाही.

सायली_क

खताचा डबा मी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा वास आणि चिलटे यांनी हैराण होऊन बंद केला. दुसऱ्या वेळी तर जाड, करड्या रंगाच्या अळ्या वळवळताना दिसल्या आणि घरातल्या सर्वांनी तो डबा तातडीने बाहेर काढायला लावला. नेमके काय चुकत असावे?

मातीचे_हात

सायली, तुमची चूक बहुधा एकच असावी आणि ती जवळजवळ प्रत्येकाची होते : डब्यात ओले पुष्कळ गेले आणि कोरडे कमी पडले.

खत करणाऱ्या सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, आणि नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग असे प्रमाण त्यांना मानवते. साली, देठे, उरलेले अन्न यांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर असते; वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला साधा पुठ्ठा यांत कार्बन असतो. घरी हे मोजत बसायची गरज नाही. एक वाडगे ओले टाकले, की त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त कोरडा पाला पसरायचा, ओले कुठेही उघडे दिसता कामा नये. चिलटे उघड्या सालींवर अंडी घालतात, त्यामुळे एवढ्यानेच ती निम्मी कमी होतात.

वासावरून दुखणे ओळखता येते. अमोनियाचा झणझणीत वास आला, तर नायट्रोजन जास्त झाला आहे, कोरडे वाढवावे. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आत हवा पोचत नाही. डबा खालीवर करावा, छिद्रे बुजली आहेत का ते पाहावे आणि गळणाऱ्या पाण्याला वाट करून द्यावी. ओलावा पाहायचा, तर मूठभर मिश्रण घट्ट दाबावे : एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर फार ओले, आणि मूठ उघडताच सगळे भुरभुरून पडले तर फार कोरडे. सुरुवातीला तयार खताचे चार मुठी विरजण लावले, तर प्रक्रिया लवकर मार्गी लागते.

त्या करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या होत्या. त्या दिसायला किळसवाण्या असल्या तरी निरुपद्रवी आहेत, ओले अन्न झपाट्याने संपवतात, आणि त्यांची प्रौढ माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. त्या फार वाढल्या, तर कोरडे वाढवावे, म्हणजे त्या आपोआप कमी होतात.

रोगजंतू मरण्यासाठी पुस्तकांत दिलेले ५५ अंशांचे तापमान घरच्या लहान डब्यात सहसा येत नाही, कारण उष्णता धरून ठेवायला तेवढा ढीगच नसतो. म्हणून आपल्या खताला वेळ जास्त लागतो, आणि रोगट झाडे किंवा पाळीव मांजराची विष्ठा त्यात टाकू नये. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्याही टाकू नयेत. त्यांतल्या पुष्कळशा मोठ्या प्रकल्पांतल्या तापमानासाठी तपासलेल्या असतात. मी अशी एक पिशवी टाकून पाहिली होती, ती सात महिन्यांनी जशीच्या तशी बाहेर आली.

पहिले खत तयार झाले तो दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही. डबा उलटा केला तेव्हा वर पांढऱ्या बुरशीचे नाजूक तंतू होते आणि खाली काळी, चुरचुरीत माती. तिला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास होता. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि मातीतले जिवाणू ते तयार करतात. चार महिने ज्यात आम्ही साली टाकत होतो, त्यातली एकही साल ओळखू येत नव्हती.

फिरस्ती

या चर्चेला माझा थोडा विरोध आहे, तो समजून घ्यावा. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले आणि त्यातले ६३० कोटी टन कचरा बनले. त्यापैकी पुनर्चक्रीकरण झाले फक्त ९ टक्के, १२ टक्के जाळले गेले आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा निसर्गात पडून राहिले, असे रोलंड गेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ सालचा अभ्यास सांगतो. हे आकडे घरातल्या ओट्यावरून बदलणार नाहीत. वेष्टन कशाचे करायचे हे उत्पादक ठरवतो. चकचकीत पुडीत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे कोणत्याही गृहिणीच्या किंवा गृहस्थाच्या हातात नसते. आपण वह्या लिहीत बसलो, तर खरी जबाबदारी ज्यांची आहे ते सहज सुटून जातील, अशी मला भीती वाटते.

उंबरठा

फिरस्ती, आपली भीती रास्त आहे आणि पुडीबद्दल आपण म्हणता ते तर माझ्या वहीतच दिसते. दोन वर्षांनंतर माझ्या सुक्या कचऱ्यात जे उरले आहे, त्यात बहुथरी पुड्याच सर्वाधिक आहेत. मी काहीही केले तरी त्या विशिष्ट मर्यादेखाली जात नाहीत. पण हे मला ठामपणे सांगता येते ते वही आहे म्हणूनच. उत्पादकाला किंवा स्थानिक प्रशासनाला पत्र लिहिताना ‘प्लॅस्टिक फार झाले आहे’ असे लिहिणे आणि ‘माझ्या घरातून सहा महिन्यांत या एका प्रकारच्या इतक्या पुड्या निघाल्या’ असे लिहिणे, यांत फरक पडतो. अशी तीन पत्रे मी लिहिली. एकाचेच उत्तर आले आणि तेही गुळमुळीत होते, तरीही मी लिहिणे सोडणार नाही.

ओल्या कचऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे उत्पादकाची वाट पाहावी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांतून गेले. दुकाने आणि उपाहारगृहे मिळूनही त्याहून कमी. घरांतून वाया गेलेल्या अन्नाचा हिशेब माणशी वर्षाला ७९ किलो असा आहे. त्यात साली आणि हाडे यांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. हेच अन्न कचराभूमीत दडपले गेले, की हवेअभावी त्यातून मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट तापवतो. आपल्या हातात जे आहे ते एवढे मोठे असताना ते सोडून देणे मला पटत नाही.

रेवा_२२

खत करणे चांगलेच आहे, पण चांगले अन्न खतात गेले तर ती अर्धीच बचत झाली, कारण ते पिकवायला, आणायला आणि शिजवायला लागलेले पाणी, जमीन आणि इंधन परत मिळत नाही. आमच्या घरी डब्याची नोंद ठेवल्यावर खरेदीच्या दिवसांत बदल झाला. खरेदीला निघण्यापूर्वी फ्रिज उघडून आत काय आहे ते कागदावर लिहायचे, आणि आधी संपवायच्या वस्तू डोळ्यांच्या उंचीवरच्या एकाच कप्प्यात पुढे ठेवायच्या, एवढेच आम्ही ठरवले. पूर्वी त्या खालच्या खणात जात आणि खण उघडेपर्यंत त्यांचे पाणी झालेले असे. वेष्टनावरच्या तारखांचा अर्थही नीट पाहावा : ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची आणि दर्जाची तारीख असते, ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही सुरक्षिततेची. पहिली उलटली म्हणून आम्ही कितीतरी चांगल्या वस्तू टाकून दिल्या असतील.

सायली_क

माझी अडचण वेगळीच आहे. मी वेगळे करते, पण घरातले बाकीचे तिघे जे हाती येईल ते जवळच्या डब्यात टाकतात. रोज रात्री मी एकटी ते निवडत बसते आणि मग चिडचिड होते.

कोरा_कागद

डबे कुठे ठेवले आहेत, ते सांगाल का? आमच्याकडेही हेच होत होते. सुक्याचा डबा बाल्कनीत आणि मिश्र कचऱ्याचा डबा ओट्याखाली होता. अर्थात सगळे ओट्याखालीच जाई. आम्ही मिश्र कचऱ्याचा डबा बाल्कनीत नेला आणि ओट्यावर ओल्यासाठी एक लहान झाकणाचे भांडे, शेजारी सुक्यासाठी उघडी टोपली ठेवली. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. चुकीचे टाकण्यासाठी चार पावले अधिक चालावे लागले, की बहुतेक माणसे योग्य तेच करतात. आणि कृपा करून रात्री एकटीने निवडत बसू नका. आठवड्यातून एकदा सर्वांसमोर डबा कागदावर ओतावा. आमच्या मुलाने स्वतःची टाकलेली अर्धी कोरी वही त्यातून उचलली आणि तेव्हापासून तो कागद फेकण्यापूर्वी उलटून पाहतो.

मातीचे_हात

सुक्या कचऱ्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. प्लॅस्टिकच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात जो १ ते ७ आकडा असतो, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ साली तो उद्योगाने वर्गवारीसाठी सुरू केला. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तूचे पुनर्चक्रीकरण होईलच, असे नाही. आपल्या भागात काय स्वीकारले जाते ते कचरा नेणाऱ्यांनाच विचारावे. त्यांना सगळे नेमके ठाऊक असते, आणि दुर्दैवाने त्यांना कोणी विचारत नाही. शंका असेल ते ‘बघतील ते’ म्हणून टाकून देऊ नये, कारण एका खरकट्या डब्यामुळे शेजारचा चांगला कागद वाया जातो. ॲल्युमिनियमचे डबे मात्र आवर्जून जपावेत. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत जुने वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

बॅटऱ्या यांपैकी कोणत्याही डब्यात टाकू नयेत. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की पेट घेते आणि गाडीवर माणसे असतात. आमच्याकडे एका बरणीत त्या टोकांना चिकटपट्टी लावून साठवतो आणि संकलन केंद्रावर नेऊन देतो. तुटलेली काचही कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत लिहावे. ती उचलणारा हात कोणाचा तरी असतो.

फिरस्ती

माझ्या विरोधानंतरही काल रात्री मी डबा वर्तमानपत्रावर ओतला. ताणकाटा नव्हता, म्हणून वजन घेता आले नाही. बहुथरी पुड्या मोजल्या, त्या एका दिवसात अकरा निघाल्या, आणि त्यांतल्या आठ एकाच खाद्यपदार्थाच्या, एकाच उत्पादकाच्या होत्या. उंबरठा, आपण लिहिलेल्या पत्राचा मजकूर इथे देऊ शकाल का? आणि नोंद सात दिवसांचीच ठेवावी की पुढेही चालू ठेवावी?

उंबरठा

मजकूर आज रात्री इथेच देते. उत्पादकाचे नाव आणि पुड्यांची संख्या यांच्या जागा कोऱ्या ठेवीन, म्हणजे कोणालाही वापरता येईल. नोंद मी पहिले सात दिवस रोज ठेवली आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक आठवडा ठेवते. रोजची नोंद वर्षभर निभावत नाही, आणि अजिबात न ठेवल्यास जुन्या सवयी कधी परतल्या ते कळत नाही. गेल्या खेपेला पालेभाजीची न सोडलेली जुडी पुन्हा एकदा डब्यात सापडली. या आठवड्यात आम्ही भाजी आणण्याचा दिवस बदलून पाहत आहोत.